विंडोज + व्ही, की डिट्टो?

दादर-गिरगावच्या डीटीपीच्या दुकानात दिवसभर कॉपी-पेस्ट चालतं, तिथे हा प्रश्न पडतोच: आधी कॉपी केलेलं परत मिळवायला विंडोजचा स्वतःचा क्लिपबोर्ड इतिहास वापरायचा, की डिट्टो हा वेगळा प्रोग्रॅम?

विंडोजमध्येच असलेल्या या इतिहासासाठी काही बसवावं लागत नाही. विंडोज + व्ही दाबा, 'टर्न ऑन' करा, झालं. पण त्यात फक्त 25 नोंदी राहतात आणि 4 एमबीपेक्षा मोठी नोंद येतच नाही. पिन न केलेलं (म्हणजे टिकवून ठेवण्यासाठी खूण न केलेलं) सगळं मशीन रीस्टार्ट झाल्यावर जातं. ऑफिसच्या मशीनवर बटण करडं दिसलं, तर ते बहुधा आयटीवाल्यांनी बंद केलेलं असतं.

डिट्टो मोफत आहे, जुन्या नोंदी डिस्कवर ठेवतो आणि शब्द टाइप करून शोधूही देतो. उघडायला कंट्रोल आणि टॅबच्या वरची बॅकटिक कळ. व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये याच कळांनी टर्मिनल उघडतं, तेव्हा डिट्टोचा शॉर्टकट सेटिंगमध्ये बदलून घ्या. ॲडमिन म्हणून चालवलेल्या प्रोग्रॅममध्ये पेस्ट होत नसेल, तर डिट्टोही ॲडमिन म्हणून सुरू करा.

शिफ्ट + एंटरने डिट्टो फाँट-रंग वगळून साधा मजकूर पेस्ट करतो. युनिकोड मराठीला हे उत्तम. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधल्या मजकुराला मात्र घातक: फाँटची माहिती गळते आणि 'मुंबई'च्या जागी रोमन अक्षरं-चिन्हं उमटतात. तिथे नुसतं एंटर दाबा.

स्वतःच्या मशीनवर डिट्टोच घ्या. गिऱ्हाइकांचे आधार क्रमांक ज्या मशीनवर कॉपी होतात, तिथे विंडोजचाच इतिहास वापरा आणि दुकान बंद करताना 'क्लिअर ऑल' दाबा. पिन केलेलं त्याने पुसलं जात नाही, म्हणून आधार क्रमांक कधीही पिन करू नका.