३६ पाकिटांचा तो बॉक्स मुळात निघालेलाच नव्हता

माझ्या भाच्याला पोकेमॉन कार्डांचं प्रचंड वेड. त्याच्या दहाव्या वाढदिवसाला मी त्याला ‘१५१’ नावाच्या कार्डांच्या सेटचा, ३६ पाकिटांचा सीलबंद इंग्रजी बॉक्स दिला. सोशल मीडियावरच्या एका विक्रेत्याला ५,२०० रुपये यूपीआयने आगाऊ पाठवले होते. ‘शेवटचे दोनच उरलेत’ म्हणाला, मी घाई केली.

तिसऱ्याच पाकिटात चारिझार्ड ईएक्स हे दुर्मीळ कार्ड निघालं, क्रमांक १९९/१६५. एकशे पासष्टात एकशे नव्याण्णव कसं, असं मला वाटलं. पण तो आकडा बरोबरच असतो. १६५ च्या पुढचे क्रमांक दुर्मीळ कार्डांचे. भाच्याने त्यावरून अंगठा फिरवला आणि एकदम गप्प झाला. “आत्या, हे गुळगुळीत आहे गं.” असल्या खऱ्या दुर्मीळ कार्डावर बोटाच्या ठशासारख्या बारीक रेघा उठलेल्या असतात, नखाला लागतात. पुढच्या दोन पाकिटांतही तेच चारिझार्ड. खऱ्या इंग्रजी पाकिटात ऑनलाइन खेळाचं कोड कार्ड असतं, तेही एकाही पाकिटात नाही. रडला नाही तो, नुसतं “असू दे” म्हणाला. तेच मला जास्त लागलं.

खरी गोष्ट रात्री कळली. ‘१५१’ इंग्रजीत सप्टेंबर २०२३ मध्ये आला, तो खास सेट म्हणून. असा सेट ३६ पाकिटांच्या बॉक्समध्ये येतच नाही. सहा पाकिटांचा बूस्टर बंडल, नऊ पाकिटांचा एलिट ट्रेनर बॉक्स, नाहीतर एखाद्या खास कार्डासोबतची थोडी पाकिटं, असंच काहीतरी मिळतं. जपानी ‘१५१’ चा बॉक्स असतो, पण त्यात पाकिटं २० आणि कार्डं जपानी भाषेत. म्हणजे बॉक्स फोडायचीही गरज नव्हती, जाहिरातीतच खोटेपणा उघडा पडला होता! मी मात्र सील नीट आहे का, फोटो खरा वाटतो का, हेच बघत बसले. पैसे देण्याआधी एवढंच तपासा, की तो सेट कंपनीने कोणकोणत्या पॅकिंगमध्ये काढलाय.

त्याच रात्री १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली. व्यवहाराचा क्रमांक, चॅटचे स्क्रीनशॉट, कुरिअरची पावती, सगळं जपून ठेवलंय. पैसे अजून आलेले नाहीत. विक्रेत्याने मला ब्लॉक केलंय.

परवा वहिनीच्या फोनवर त्याचीच नवी जाहिरात दिसली: ‘प्रिझमॅटिक इव्होल्यूशन्स, इंग्रजी, ३६ पाकिटांचा बॉक्स’. जानेवारी २०२५ मध्ये आलेला तोही खास सेटच आहे. त्याचाही असा बॉक्स निघालेला नाही.