बोंडूच्या रसात पेक्टिनेज: हंगामभर वापरल्यावर

वेंगुर्ल्याच्या बाजूला काजूबीला गिऱ्हाईक दारात येतं, बोंडू, म्हणजे बीच्या वरचं रसाळ फळ, मात्र झाडाखाली कुजतात. आमचा बचत गट त्यांचं सरबत करतो. गेल्या हंगामात बोंडूपासून ते थेट जांभळं संपेपर्यंत रस काढायला खाद्य दर्जाचं द्रव पेक्टिनेज वापरलं. विकत घ्यावं की नाही, असं बरेच जण विचारतात, म्हणून लिहिते.

फळाच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन म्हणजे मुख्यतः गॅलॅक्ट्युरॉनिक आम्लाची लांबलचक साखळी. पेक्टिनेज हे विकर (एन्झाइम) ती साखळी मधे मधे तोडतं. तुकडे आखूड झाले की रसाची बुळबुळ जाते आणि चोथ्यात अडकलेला रसही सुटतो. औद्योगिक पेक्टिनेज बहुतेक अ‍ॅस्परजिलस नायजर या बुरशीपासून काढतात. शेजारच्या काकूंनी पहिल्याच दिवशी हटकलं, "रसात औषध कित्याक घालतंस गो?" अढीत हापूस मऊ पडतो तो त्याच्या अंगच्या अशाच विकरांमुळे, असं मी सांगितलं. त्यावर म्हणाल्या, "मगे आंब्याक बाटली कोण देता?"

बोंडूवर निकाल चोख. पूर्वी पंचाचा पीळ घालून हात दुखायचे आणि तरी चोथा ओलाच राहायचा. आता ठेचलेला गर ४५ ते ५० अंशांवर कोमट करून, विकर घालून दीड-दोन तास झाकून ठेवतो. पातेल्याच्या कडेला आधी पाणी सुटल्यासारखं दिसतं, मग चोथा वर येतो आणि कापडातून रस धार लागून गळतो. थर्मामीटर मात्र हवाच. गर जास्त तापला तर विकरच निकामी होतं, गार राहिला तर तासन्‌तास ताटकळत बसा. मात्रा दर बाटलीची वेगळी असते, लेबल वाचूनच घाला.

काम झालं की नाही, हे बघायला चमचाभर गाळलेल्या रसात दुप्पट स्पिरिट घालते. तंतू किंवा गुठळ्या दिसल्या तर पेक्टिन अजून शिल्लक आहे. तो नमुना अर्थात फेकायचा.

तुरटपणा याने जात नाही. घसा धरतो तो टॅनिनमुळे, आणि टॅनिनशी पेक्टिनेजचा संबंध नाही. त्यासाठी साबुदाण्याची पेज घालून साका खाली बसू देते, आणि वरची निवळ अलगद काढून घेते. काही विक्रेते या बाटलीनेच "सगळं स्वच्छ होतं" म्हणतात, ते ऐकू नका. शेवटी रस ८५ ते ९० अंशांपर्यंत तापवून विकर बंद पाडायचं आणि मगच भरायचं.

जांभळाचा गर बीला घट्ट चिकटून असतो, तिथेही चांगला उपयोग झाला. रंगही जास्त उतरला. कोकमाच्या आगळात, म्हणजे मीठ घालून काढलेल्या रसात, घालण्यात अर्थ नाही. आगळाचा सामू (पीएच) फार खाली असतो, वर मीठ; या विकराला साधारण ३.५ ते ५ सामू मानवतो. तसंही आगळ आपलं आपण सुटतं, त्याला मदत लागतच नाही. बरक्या फणसाचा गर याने झटकन पातळ होतो, पण साटं (गराच्या वाळवलेल्या पोळ्या) घालायची असतील तर बाटलीला हात लावू नका. तिथे पेक्टिनचाच दाटपणा हवा असतो. जेलीचंही तेच.

माझी खरी तक्रार पोचवणीबद्दल आहे. एप्रिलमध्ये मागवलेली एक बाटली कुरियरच्या गोदामात उन्हाळा खात पडली होती. ती वापरली तेव्हा मात्रा वाढवूनही रस गढूळच राहिला, आणि विक्रेत्याने बदलून दिली नाही. हे विकर फ्रिजमध्ये ठेवायचं असतं आणि मे महिन्यात आमच्याकडे वीज कधी जाईल त्याचा नेम नाही. म्हणून मोठा कॅन स्वस्त पडला तरी घेत नाही. लहान बाटल्या, उत्पादनाची तारीख बघून, जानेवारीतच मागवते.