पहिला जुना कीबोर्ड: मॉडेल एम, आल्प्स की चेरी?

जुना मेकॅनिकल कीबोर्ड घ्यायचा म्हटलं की लोक आधी स्विचच्या, म्हणजे कीखालच्या यंत्रणेच्या, आवाजाचे व्हिडिओ लावून बसतात. ऐकायला मजा येते, पण त्या आवाजात टेबलाचा, मायक्रोफोनचा आणि टाइप करणाऱ्याच्या बोटांचाही वाटा असतो. तीस-चाळीस वर्षं जुन्या वस्तूच्या बाबतीत मला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो: हा स्विच म्हातारा कसा होतो? आयबीएम (मॉडेल एम त्यांचाच), आल्प्स आणि चेरी या तिन्ही प्रमुख घराण्यांचं उत्तर वेगवेगळं आहे, आणि पहिल्या खरेदीचा निर्णय त्यावरच व्हावा.

आयबीएमची बकलिंग स्प्रिंग

रिचर्ड हंटर हॅरिस यांच्या या रचनेला १९७८ मध्ये पेटंट मिळालं. की दाबत गेलं की आतली स्प्रिंग आवळत जाते आणि एका क्षणी अचानक बाजूला वाकते. वाकताना ती भोवतीच्या नळीवर आपटते, तोच आवाज. त्याच क्षणी तिच्या तळाची पट्टी कलंडते आणि अक्षर उमटतं. म्हणजे आवाज, बोटाला कळणारा झटका आणि सिग्नल या तीन गोष्टी एकाच हालचालीतून निघतात. चेरीच्या निळ्या स्विचमध्ये क्लिकसाठी वेगळा सरकता तुकडा असतो, आणि की वर सोडताना सिग्नल तुटण्याची जागा लागण्याच्या जागेपेक्षा बरीच वर असते. भरभर टाइप करणाऱ्याला हा फरक लवकर जाणवतो.

यातला थोरला मॉडेल एफ. १९८१ च्या आयबीएम पीसीबरोबर आलेल्या त्याच्या कीबोर्डावर ८३ कीज आहेत. त्याचं सेन्सिंग कपॅसिटिव्ह, म्हणजे सिग्नलसाठी धातूला धातू टेकावा लागत नाही. कितीही कीज एकत्र दाबा, सगळ्या नोंदल्या जातात. स्पर्शही मॉडेल एमपेक्षा हलका आणि स्वच्छ. १९८५ चा मॉडेल एम ही त्याची स्वस्तात बसवलेली आवृत्ती: स्प्रिंग तीच, पण खाली मेम्ब्रेन, म्हणजे दाबल्यावर एकमेकींना टेकणाऱ्या प्लास्टिकच्या पातळ चकत्या. त्यामुळे तीन कीजच्या काही जोडण्यांत तिसरी गळते. लेख लिहिणाऱ्याला ते कळणारही नाही, खेळ खेळणाऱ्याला नक्की कळेल.

तरीही पहिल्या खरेदीसाठी मी मॉडेल एमच सुचवेन. पीसीसोबतच्या मॉडेल एफवर फंक्शन कीज डाव्या हाताला दोन रांगांत, ॲरो कीज नंबर पॅडातच कोंबलेल्या, आणि दोन प्लेट्समधला फोम आता बहुधा भुसा झालेला. त्याची एक्सटी पद्धतीची (आयबीएमच्या सुरुवातीच्या पीसींची) भाषा आजच्या संगणकाला कळत नाही, म्हणून प्रोग्राम केलेला कन्व्हर्टर हवाच. यात एक गंमत आहे. एक्सटी आणि आयबीएमच्या नंतरच्या एटी पीसीच्या कीबोर्डांचा पाच पिनांचा गोल प्लग दिसायला अगदी सारखा, पण आतली बोली वेगळी. प्लग बसला म्हणजे काम झालं, असं धरून चालू नका.

मॉडेल एमचा लेआउट मात्र आजचाच आहे. पीबीटी प्लास्टिकच्या कीकॅप्सवर अक्षरं डायने आत मुरवलेली, त्यामुळे ती सहसा पुसट होत नाहीत. धुळीनं स्प्रिंगचं फारसं बिघडत नाही. बिघडतात ते प्लास्टिकचे रिव्हेट. मेम्ब्रेन आणि मागची लोखंडी प्लेट त्यांनीच धरून ठेवलेली असते. वयानुसार त्यांची डोकी तुटतात आणि काही कीज मऊ, बधिर लागू लागतात. कीबोर्ड कानाजवळ हलवून पाहा. आत बारीक तुकडे खुळखुळले तर ते तेच. दोन-चार तुटले असतील तर चालतं. निम्मे गेले असतील तर भोकं पाडून एम२ चे बोल्ट बसवायचे. काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं. केस उघडायला ५.५ मिमीचा, पातळ भिंतीचा नट ड्रायव्हर लागतो. साध्या पान्याचं डोकं त्या खोल भोकात शिरत नाही.

दोन सावधगिरी. मॉडेल एम नावाच्या सगळ्याच कीबोर्डांत बकलिंग स्प्रिंग नसते. आयबीएमनंतर हे कीबोर्ड बनवणाऱ्या लेक्समार्कच्या काळातल्या काहींत स्प्रिंगऐवजी रबराचे घुमट (रबर डोम) आहेत. एक कीकॅप उचला, खाली स्प्रिंग दिसली पाहिजे. आणि पीएस/२ या जुन्या गोल प्लगला यूएसबीचा नुसता आकार बदलणारा स्वस्त तुकडा लावून भागत नाही, आत चिप असलेला ॲक्टिव्ह ॲडाप्टर घ्या. सुटे भाग युनिकॉम्पकडे मिळतात. ही कंपनी १९९६ पासून याच रचनेचे कीबोर्ड बनवते आहे. इतकी सोय आल्प्सच्या घराण्यात नाही.

आल्प्स

चांगल्या अवस्थेतल्या जुन्या आल्प्ससारखा स्पर्श मला दुसरीकडे मिळालेला नाही. अडथळा अगदी वरच लागतो, गोलसर आणि ठाम. ॲपलच्या १९८७ च्या एक्स्टेंडेड कीबोर्डात आणि १९९० च्या एक्स्टेंडेड कीबोर्ड टूमध्ये हे स्विच आहेत. दुसऱ्यातले क्रीम रंगाचे, आवाज दाबणारे डॅम्पर लावलेले; आवाज दबका, घरात कुणी झोपलेलं असेल तर हाच निवडावा. डेलच्या एटी१०१डब्ल्यूमध्ये काळे आल्प्स असतात. ते थोडे जड आणि कोरडे आहेत, पण त्या कीबोर्डाला फारशी मागणी नसल्यामुळे तो तुलनेनं सहज हाती लागतो.

अडचण एकच, पण मोठी: आल्प्सला धूळ सोसत नाही. स्लायडर (खालीवर सरकणारा भाग) आणि स्विचचं बाहेरचं घर यांमध्ये बारीक कण गेले की की खरखरते, आणि एकदा घासून खडबडीत झालेलं प्लास्टिक कितीही धुतलं तरी पूर्ववत होत नाही. दिलासा इतकाच, की स्विच प्लेटवर असतानाच, सोल्डर न काढता, वरचं झाकण उघडता येतं. म्हणून इथे मॉडेलपेक्षा तो नमुना कसा ठेवला होता ते विचारा. झाकून ठेवलेला साधा कीबोर्ड उघड्यावर पडलेल्या दुर्मिळ कीबोर्डापेक्षा कधीही बरा.

ॲपलच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. एक्स्टेंडेड टूच्या काही नमुन्यांत आल्प्सऐवजी मित्सुमीचे स्विच निघतात, बाहेरून ओळखू येत नाहीत. ॲपलच्या जुन्या एडीबी पोर्टसाठी कन्व्हर्टर लागेल, आणि कॅप्स लॉक प्रत्यक्ष खाली अडकून राहतो, हेही लक्षात असू द्या.

चेरी एमएक्स

इथे गणित नेमकं उलटं. काळा एमएक्स लिनिअर आहे: मध्ये अडथळा नाही, क्लिक नाही. एकूण ४ मिमी प्रवासात २ मिमीवर, सुमारे ६० सेंटिन्यूटन जोराला सिग्नल. नवा असताना थोडा करकरीत लागतो, वर्षानुवर्षं दाबून मात्र गुळगुळीत होतो. त्यामुळे कार्यालयात राबलेला चेरीचा जी८०-३००० हा कोऱ्या पेटीबंद तुकड्यापेक्षा जास्त हवाहवासा. त्याचे स्विच थेट सर्किट बोर्डावर बसतात, प्लेट नाही; म्हणून सोल्डर न काढता उघडून हलक्या स्प्रिंगा घालता येतात. आजच्या बहुतेक कीकॅप्स त्यावर चालतात; आल्प्स आणि आयबीएमवर नाही. ज्याला पुढे स्वतः कीबोर्ड बांधायचा आहे, त्यानं सरळ इथून सुरुवात करावी. टाइप करताना बोटाला काही कळावं अशी अपेक्षा असेल, तर काळ्या एमएक्सच्या वाटेला जाऊ नका.

हनीवेलच्या हॉल इफेक्ट स्विचचा मोह बऱ्याच जणांना होतो. चुंबकावर चालणारे, घासणारा संपर्कच नसलेले, झिजण्याच्या दृष्टीनं सगळ्यांत टिकाऊ. पण ते बहुधा जुन्या टर्मिनलांच्या कीबोर्डांत सापडतात आणि प्रत्येकाचं सर्किट निराळं. दुसऱ्या-तिसऱ्या खरेदीला पाहू.

विकणाऱ्याकडून तीन फोटो मागवा: मागचं लेबल, केबलचा प्लग, आणि एक कीकॅप काढून दिसणारा स्विच. तिसरा फोटो द्यायला टाळाटाळ होत असेल, तर आल्प्सचा सौदा सोडून द्या. मॉडेल एम असेल तर एवढं ताणू नका, खुळखुळ्याचा आवाज तेवढा विचारा.