मलप्रभेकाठचे खानापूर : दिवसभराच्या सहलीचे परीक्षण
बेळगावहून लोंढ्यामार्गे गोव्याला जाणारी बरीच मंडळी खानापुरात चहापुरती थांबतात आणि पुढे निघून जातात. बेळगावपासून सुमारे २६ किलोमीटरवरच्या या तालुक्याच्या गावाची ही उपेक्षा मला फार खटकते. नगरपंचायतीच्या या छोट्या गावासाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवावा, असे माझे ठाम मत आहे.

त्याचे पहिले कारण म्हणजे इथली माती. कौले, विटा आणि भांडी यांसाठी ती उत्तम ठरल्यामुळे या परिसरात मातीकामाचा धंदा रुजला, आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाची मध्यवर्ती ग्रामीण कुंभारकाम संस्थाही याच गावी आहे. माठ घेताना घाई करू नये. बोटाने टिचकी मारल्यावर खणखणीत आवाज आला तर भाजणी चांगली झाली आणि तडा नाही असे समजावे. बद्द आवाज आला तर तो बाजूला ठेवावा. बाहेरून चकचकीत रंग दिलेला माठ दिसायला देखणा असला तरी रंगाने छिद्रे बुजतात, पाणी पाझरत नाही, आणि पाझरलेल्या पाण्याचे बाष्पीभवन झाल्याशिवाय आतले पाणी गार होत नाही. म्हणून साधा, बिनरंगी माठच घ्यावा. दही विरजण्यासाठीचे छोटे मडकेही अवश्य घ्यावे. जादा पाणी मातीत शोषले जात असल्यामुळे दही घट्ट लागते. कारखान्यातल्या साच्याइतकी सफाई हाताने घडवलेल्या भांड्यात नसते, पण त्यासाठी किमतीत घासाघीस करणे मला योग्य वाटत नाही.

दुपारी खानापूरजवळच्या असोग्याला जावे. खडकांतून वाट काढणारी मलप्रभा आणि काठावरचे रामलिंगेश्वराचे मंदिर यांमुळे तिथून लवकर पाय निघत नाही. कणकुंबीला उगम पावणारी ही नदी पुढे कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते. तिचे कोवळे, अरण्यातून नुकतेच बाहेर पडलेले रूप पाहायचे तर ते याच तालुक्यात. पावसाळ्यात मात्र प्रवाह फसवा असतो, त्यामुळे पाण्यात उतरण्याचा मोह टाळावा. काठावर प्लास्टिक आणि निर्माल्य पडलेले पाहून वाईट वाटते, आणि त्याची जबाबदारी आपल्यासारख्या येणाऱ्यांवरही आहे.

वेळ उरल्यास कदंब राजघराण्याची राजधानी राहिलेल्या हलशीचे भूवराह नरसिंह मंदिर पाहावे. नंदगडला इंग्रजांविरुद्ध लढलेल्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये फाशी दिली गेली. तिथली त्याची समाधीही पाहण्याजोगी आहे. २०११ मध्ये घोषित झालेले भीमगड अभयारण्य याच तालुक्यात असले तरी ते त्याच दिवसात उरकण्याचा विचार करू नये. तिथे वनखात्याची परवानगी लागते आणि पावसाळ्यात आतल्या गावांच्या वाटाच बंद होतात.

गैरसोय सांगायची तर आडगावांकडे जाणाऱ्या बसच्या वेळा आधी विचारून घ्याव्या लागतात, नाहीतर अर्धा दिवस स्थानकातच जातो. स्वतःचे वाहन असल्यास उत्तम. मातीच्या भांड्यांची खरेदी परतताना करावी, दुकानदाराकडून भांड्यांत व त्यांच्याभोवती भाताचा पेंढा भरून घ्यावा, आणि घरी आल्यावर नवा माठ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवूनच वापरायला काढावा.