बोर्न्स एमएफ-आर ११०: सीसीटीव्हीच्या डब्यातला पिवळा रिसेटेबल फ्यूज

बारा व्होल्टच्या आठ-नऊ चॅनलच्या सीसीटीव्ही पॉवर सप्लायचं झाकण उघडलं की प्रत्येक आउटपुटमागे टिकलीसारखा एक पिवळा गोल पार्ट उभा दिसतो. दुकानात त्याला पीटीसी किंवा रिसेटेबल फ्यूज म्हणतात. बहुतेक डब्यांत तो १.१ अँपिअरचा असतो, आणि बोर्न्स कंपनीचा एमएफ-आर ११० हा त्याच मापाचा. निकाल आधीच सांगून टाकतो: पार्ट चोख आहे, पण कॅमेऱ्यासाठी बहुधा माप चुकलेलं असतं.

होल्ड करंट १.१ अँपिअर, म्हणजे २३ अंश तापमानात एवढा करंट कितीही वेळ जाऊ द्या, ट्रिप होणार नाही, म्हणजे करंट अडवणार नाही. ट्रिप करंट २.२, म्हणजे एवढ्याला तो ट्रिप होणारच. या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात काय होईल याची हमी कुणीच देत नाही; १.६ अँपिअरला एक नग तासन्‌तास चालेल, दुसरा थोड्या वेळात बंद पडेल. ५.५ अँपिअरला ट्रिप व्हायला ६.६ सेकंदांपर्यंत लागू शकतात. काचेचा ५ बाय २० मिलिमीटरचा ‘एफ’ छापाचा फ्यूज रेटिंगच्या दहापट करंटला २० मिलिसेकंदांच्या आत उडतो. तेव्हा कॅमेऱ्यातला आयसी वाचवणं हे पीटीसीचं काम नव्हेच. वायर आणि सप्लाय जळू नये, आणि एका कॅमेऱ्याच्या शॉर्टमुळे बाकीचे सात बंद पडू नयेत, एवढ्यासाठी तो असतो.

आत पॉलिमरमध्ये कार्बनचे कण भरलेले असतात. करंट वाढला की पार्ट तापतो, साधारण १२५ अंशांच्या आसपास पॉलिमर फुगतो, कणांच्या साखळ्या तुटतात आणि रेझिस्टन्स हजारो पटींनी चढतो. पॉवर काढून पाचेक मिनिटं थंड होऊ दिलं की साखळ्या पुन्हा जुळतात, पण अगदी पहिल्यासारख्या नाही. नव्या नगाचा रेझिस्टन्स ०.०५ ते ०.१० ओम, एकदा ट्रिप झाल्यावर ०.१५ पर्यंत. कॅमेऱ्याला याने काही फरक पडत नाही. ध्यानात ठेवायचं ते वेगळंच: ट्रिप झालेल्या पीटीसीला गरम राहायला सुमारे ०.७ वॅट लागतात, म्हणून १२ व्होल्टवर साधारण ६० मिलिअँपिअर करंट चालूच असतो. लाइन ‘मेली’ असं समजून जोडणी करू नका.

आता केबल. कॅट-५ च्या जाडीच्या तांब्याच्या एका तारेला किलोमीटरमागे सुमारे ८५ ओम. ६० मीटरवरच्या कॅमेऱ्यापर्यंत जाऊन-येऊन १२० मीटर, म्हणजे १० ओमच्या वर. कॅमेऱ्याच्या पिनवर पाणी शिरून पूर्ण शॉर्ट झाला तरी करंट जेमतेम १.२ अँपिअर. एमएफ-आर ११० ढिम्म! २० मीटरवर तोच शॉर्ट साडेतीन अँपिअर ओढतो आणि पार्ट सावकाश का होईना ट्रिप होतो. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेल्या स्वस्त केबलमध्ये रेझिस्टन्स आणखी जास्त, म्हणजे गणित आणखी बिघडतं.

साधा बुलेट कॅमेरा रात्री आयआर (अंधारात दिसण्यासाठीचे इन्फ्रारेड दिवे) लागल्यावर ४०० मिलिअँपिअरच्या आसपास घेतो. त्याला एमएफ-आर ०५० पुरतो: होल्ड ०.५, ट्रिप १.०. लांब केबलवरचा शॉर्टही हा पकडतो. मात्र डबा पत्र्याचा आणि गच्चीवर उन्हात असेल तर हा लावू नये. आतलं तापमान ६० अंशांवर गेलं की होल्ड करंट दोन-तृतीयांशांवर येतो, म्हणजे ०.३ च्या थोडा वर. मग उन्हाळ्यात संध्याकाळी, डबा अजून तापलेला असताना आयआर लागला की कॅमेरा बंद, आणि दोष मात्र कॅमेऱ्याला. अशा ठिकाणी एमएफ-आर ०७५ घ्या. थंडीत लांब केबलवरचा शॉर्ट तो कदाचित पकडणार नाही. ही तडजोड पत्करावी लागते, नाहीतर डबा सावलीत हलवावा.

दोष शोधायला मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून पीटीसीच्या दोन पायांवर लावा. चालू कॅमेऱ्यात ०.१ व्होल्टच्या आतच रीडिंग यायला हवं. जवळजवळ १२ आलं तर तो ट्रिप झालेला आहे. आउटपुटची वायर सुटी करा, सप्लाय बंद ठेवून थंड होऊ द्या, मग केबल तपासा. पुन्हा पुन्हा बंद-चालू करून बघू नका.

बदलताना पाय थोडे लांब ठेवा, पार्ट बोर्डाला चिकटवू नका. हॉट ग्लू किंवा घट्ट स्लीव्ह तर नकोच. त्याला फुगायला जागा हवी, आणि शेजारच्याला टेकला तर एकाच्या उष्णतेने दुसराही लवकर ट्रिप होतो.

याची मर्यादा ३० व्होल्ट आणि ४० अँपिअर. २३० व्होल्टच्या बाजूला हा कधीच लावायचा नाही. तिथे सप्लायवर छापलेल्या रेटिंगचाच फ्यूज हवा, तार गुंडाळलेला नव्हे. बॅकअपची लेड-ॲसिड बॅटरी शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर देते, म्हणून तिच्या टर्मिनलपाशी गाडीतला ब्लेड फ्यूज: लाल १०, निळा १५ अँपिअर.

लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ सुटे मिळतात, पण बिननावाचेही त्याच पिवळ्या रंगात येतात. पिशवीतला एखादा तपासून घ्या: मोटरसायकलच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट ३५ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावला की जवळपास २.९ अँपिअर जातात. १.१ चा खरा पार्ट साधारण मिनिटभरात बल्ब विझवतो. पाच मिनिटांनंतरही बल्ब लख्ख असेल तर सगळी पिशवी परत करा.