गमबूट: खाडीच्या चिखलात पास, ओढ्याच्या धारेत नापास

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरच्या दुकानांत मिळतात ते काळे, गुडघ्याखालपर्यंत येणारे पीव्हीसीचे गमबूट पावसाळी भटकंतीला घ्यावेत का? जरूर घ्यावेत, पण उभ्या पाण्यापुरते. वाहत्या पाण्यात ते घालून उतरू नये.

खाडीकाठच्या गाळात त्यांना तोड नाही. तिवरांची मुळं पेन्सिलींसारखी चिखलातून वर आलेली असतात, मधे फुटक्या काचा आणि कालवांच्या धारदार शिंपा. सँडलमध्ये तिथे पाय कापतो, जाळीचा बूट फाटतो. गमबूट निभावतो, मात्र माप बरोबर हवं. जाड मोजे घालूनच घालून पाहा. चालताना टाच आत बोटभर वर सुटत असेल तर तासाभरात फोड येणार आणि चिखलात पाय बुटातून निसटणार.

तो निसटतो कशामुळे? पाय सरळ वर ओढला की तळव्याखाली हवा शिरत नाही, गाळ बूट धरून ठेवतो आणि मोज्यासकट पाय बाहेर येतो. म्हणून आधी टाच थोडी उचला, बूट डावी-उजवीकडे हलवून कडेनं पाणी आत शिरू द्या, मग पाय मागच्या अंगाला काढा. पावलं छोटी टाका, एका जागी थांबू नका.

कांदळवन संरक्षित आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जायचं नाही. भरती-ओहोटीत साधारण सव्वासहा तासांचं अंतर असतं. ओहोटी पुरती लागायच्या दोन तास आधी उतरा आणि पाणी फिरलं की लगेच परता. पाणी समोरून येताना दिसतं, पण पाठीमागच्या नाळी त्याआधीच भरलेल्या असतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर हे फारच झपाट्यानं होतं.

भिवपुरी रोड स्टेशनावरून माथेरानजवळच्या गार्बेट पठाराला जाताना भातखाचरांच्या चिखलातही गमबूट छान चालतो. ओढा आला की तोच घात करतो. वरून पाणी शिरलं की बाहेर पडायला वाट नाही, आणि लिटरभर पाणी म्हणजे पायाला किलोभर ओझं. गुळगुळीत झालेला तळ शेवाळावर टिकत नाही तो नाहीच. अशा वाटेला खोल खाचांचा रबरी सोल असलेला, पाणी झटकन निथळणारा कापडी बूट बरा. ओढा जिथे पसरट आहे तिथूनच ओलांडा, वळणाची बाहेरची बाजू खोल असते. सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, तोंड प्रवाहाकडे ठेवा, काठी पुढे रोवा आणि एका वेळी एकच पाय हलवा. पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा एकाएकी गढूळ होऊन पालापाचोळा वाहायला लागला असेल, तर मागे फिरा.

घरी आल्यावर पाय साबणानं धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, नाहीतर चिखल्या होतात. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतानं दूषित पाण्यातून होणारा ताप) ७२ तासांच्या आत डॉक्टरांना गाठा.

बूट गोड्या पाण्यानं धुवा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि सावलीत वाळवा. उन्हात पीव्हीसी कडक होऊन घोट्याच्या घडीवर चिरतं. तिथे सायकलच्या पंक्चरचं ठिगळ धरत नाही, पीव्हीसीचाच गोंद लागतो.