पाणी तपासायचं किट, आठ महिने आणि काळूचे डोळे

गेल्या गणपतीत हे लिक्विड टेस्ट किट घेतलं, आता मे लागला. घेतलं ते काळूच्या उजव्या डोळ्यापायी. काळू म्हणजे आमचा ब्लॅक मूर, काळा गोल्डफिश. २ फुटी टाकी, साधारण ६० लिटर पाणी, आणि सोबतीला लाल टोपीचा ओरंडा, तोही गोल्डफिशच, त्याचं नाव पगडी.

मूरचे डोळे मुळातच बाहेर आलेले. त्यामुळे डोळा सुजलाय हे कळायलाच आम्हाला चार-पाच दिवस लागले. समोरून पत्ता लागत नव्हता. लेकीने झाकण काढून वरून फोटो काढला तेव्हा दिसलं: डावा नेहमीचा, उजवा चांगला दीडपट, आणि बुबुळाभोवती दुधी कडं. तेव्हापासून दर रविवारी वरून एक फोटो ठरलेला. मूर पाळणाऱ्यांनी किट मागाहून घेतलं तरी चालेल, हा फोटो आधी काढून ठेवा.

दुकानदाराने सवयीने निळं औषध दिलं. डोळा होता तसाच राहिला, टाकीच्या सांध्यांतलं सिलिकॉन मात्र अजून निळसर आहे. पाणी बदलून निळाई घालवली आणि मग किट उघडलं. अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट २०. म्हणजे पाणी ठीक, आणि सूज एकाच डोळ्याला. एकच डोळा सुजला तर बहुतेक वेळा मार लागलेला असतो. हात घालून चाचपलं तर शोभेच्या प्लॅस्टिकच्या गलबताची कड ब्लेडसारखी. गलबत माळ्यावर गेलं. वेगळ्या टबात थोडं एप्सम सॉल्ट घालून काळूला ठेवलं (हे खडे मीठ नव्हे, गल्लत करू नका, हे मॅग्नेशियम सल्फेट, सूज उतरायला मदत करतं). तीनेक आठवड्यांत डोळा बसला.

किटचे पैसे खरे वसूल झाले ते दिवाळीत. साफसफाईच्या उत्साहात दिरांनी फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढराशुभ्र केला. कौतुकाने आणून दाखवलासुद्धा! अमोनिया पचवणारे जिवाणू त्या स्पंजातच राहतात, नळाच्या क्लोरीनने ते गेले. भाऊबीजेला दोन्ही माशांच्या चारही डोळ्यांवर ताकाच्या निवळीसारखा पडदा. किटच्या नळीतलं पाणी हिरवंगार, रंगांच्या तक्त्यावर अमोनिया २ पीपीएम (दहा लाख भागांत दोन). आमच्या पाण्याचा पीएच ८ च्या आसपास असतो, आणि पीएच चढा असला की तेवढाच अमोनिया जास्त जहरी ठरतो. औषध काही घातलं नाही. रोज थोडं पाणी अँटीक्लोरिन टाकून बदललं, खाणं जवळपास बंद केलं. आठवड्याभरात डोळे निवळले, अमोनिया पुरता शून्यावर यायला मात्र महिना गेला. आता स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलका पिळतो. दीर अजून म्हणतात, घाण राहते.

मार्चमध्ये मात्र किटने काहीच सांगितलं नाही. पगडीच्या डाव्या बुबुळात पांढरा ठिपका आला आणि आकडे सगळे छान. खोलीतला दिवा मालवून बाजूने टॉर्च मारला तेव्हा फरक समजला. दिवाळीतला पडदा डोळ्याच्या वरच्या काचेवर होता, हा ठिपका आत, भिंगात. मोतीबिंदूच म्हणायचा. त्याला पाणी बदलून गुण येत नाही. पगडी वासावर खाणं शोधतो, फक्त काळू आधी गट्टम करतो, म्हणून दाणे आता दोन टोकांना टाकते.

एक भीती अजून मनात आहे, ती म्हणजे दोन्ही डोळे बाहेर येणं. आणि त्याबरोबर वरून बघताना खवले सुरूच्या बोंडासारखे उभे दिसले, तर दुखणं डोळ्याचं नसून पोटातलं असतं. सुदैवाने ते अजून पाहायला लागलेलं नाही.

तक्रारी. पिवळ्या बल्बखाली तक्ता वाचता येत नाही, ० आणि ०.२५ मधला फरक दिवसाउजेडी पांढऱ्या कागदापुढे धरूनच कळतो. नायट्रेटची दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरजोरात हलवावी लागते. तळाशी साका बसतो, आणि मी दोन महिने ती नुसती उलटी करत होते, म्हणजे तेव्हाचे आकडे कमीच आले असणार. काचेच्या ४ नळ्यांपैकी १ बेसिनमध्ये फुटली, सुटी मिळेना.

पाचपैकी चार तारे. अमोनियाची बाटली दिवाळीतच निम्मी झाली होती, या पावसाळ्याच्या आत संपेल. ती एकटी मिळाली तर तेवढीच घेईन, पीएचची अजून भरलेलीच आहे.